झाकली मूठ आणि उघडी खिडकी : ब्राउझरमधील त्रुटी जगजाहीर कराव्यात की नाही, या वादाचा इतिहास

१/ जानेवारी २०१० चा मध्य. जर्मनीच्या केंद्रीय माहिती-सुरक्षा कार्यालयाने नागरिकांना एक असाधारण सल्ला दिला : इंटरनेट एक्सप्लोरर तूर्त वापरू नका. पाठोपाठ फ्रान्सच्या यंत्रणेनेही तेच सांगितले. त्या ब्राउझरमधील एका त्रुटीचा वापर करून गूगलसह अनेक कंपन्यांच्या संगणकांत शिरकाव झाला होता. पुढे स्पष्ट झाले की ही त्रुटी मायक्रोसॉफ्टला सप्टेंबर २००९ पासून ठाऊक होती. हल्लेखोरांनाही ती ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती केवळ ब्राउझर वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांना.

२/ सुरक्षेतील उणीव ज्याला सापडते, त्याने ती कुणाला सांगावी? केवळ उत्पादकाला, की साऱ्या जगाला? सांगितली तर चोराला वाट दिसते. न सांगितली तर घरमालक बेसावध राहतो. हा पेच ब्राउझरच्या जन्मापासून त्याच्या मागे लागला आहे. त्यातून आजचे ‘नव्वद दिवसां’चे नियम, बक्षिसांच्या योजना आणि आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या घडल्या. त्या घडणीचा हा सविस्तर धागा. 🧵

३/ प्रथम ब्राउझरचे वेगळेपण ध्यानात घ्यावे लागते. साधा प्रोग्रॅम आपल्याच मालकाच्या फायली उघडतो. ब्राउझर मात्र अनोळखी संगणकांवरून आलेला मजकूर, चित्रे आणि आज्ञावली उलगडून वापरकर्त्याच्या यंत्रावर चालवतो. म्हणजे दिवसभर परक्यांना ओसरीवर घ्यायचे आणि त्यांतील कुणालाही माजघरात जाऊ द्यायचे नाही, असे त्याचे काम. लाखो ओळींच्या संहितेत स्मृतीच्या मोजमापाची एक चूक राहिली, तरी पान उघडताक्षणी परक्याचा प्रोग्रॅम चालू होऊ शकतो.

४/ हा वाद संगणकाहून जुना आहे. १८५१ साली लंडनमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले होते. अमेरिकन कुलूपकार आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज याने तेथे ‘अभेद्य’ म्हणून गाजलेले चब कुलूप काही मिनिटांत उघडून दाखवले. मग तो ब्रामा यांच्या कुलपाकडे वळला. ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस असल्याची पाटी पिकॅडिलीतील दुकानाच्या काचेत सुमारे सहा दशके झळकत होती. सोळा दिवसांत विभागून सुमारे ५१ तास खपून हॉब्जने तेही उघडले आणि बक्षीस जिंकले.

५/ इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. कुलपातील वैगुण्य असे चव्हाट्यावर आणणे म्हणजे चोरांना शिकवणे, अशी टीका झाली. १८५३ साली हॉब्जच्या साहित्यावर आधारलेल्या कुलूपशास्त्राच्या पुस्तकात तिला उत्तर मिळाले. त्याचा आशय असा : चोर आपल्या धंद्यात मुरलेले असतात, त्यांना ही माहिती आधीच असते. अज्ञानात राहतो तो कुलूप विकत घेणारा प्रामाणिक गृहस्थ. दीडशे वर्षांनी ब्राउझरच्या वादात दोन्ही बाजू जवळजवळ हेच बोलत होत्या.

६/ नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ने तेव्हाच्या इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली. त्यानंतर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र उभे राहिले. त्रुटी त्याला कळवायची, त्याने उत्पादकाला सांगायचे आणि दुरुस्ती तयार झाल्यावर सूचना काढायची, अशी रीत पडली. मात्र दुरुस्तीला मुदत नव्हती. कळवलेल्या त्रुटी महिनोन् महिने पडून राहतात, अशी तक्रार वाढली. त्या असंतोषातून १९९३ मध्ये ‘बगट्रॅक’ ही ई-मेल यादी निघाली. तेथे त्रुटी तपशिलासह खुलेपणाने मांडल्या जाऊ लागल्या. या पंथाला ‘फुल डिस्क्लोजर’, म्हणजे संपूर्ण प्रकटीकरण, हे नाव पडले.

७/ ब्राउझर या रणांगणात आला १९९५ मध्ये. ९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केप कंपनीचे समभाग बाजारात उतरले. २८ डॉलरला देऊ केलेला समभाग दिवसअखेर ५८ डॉलरच्या वर गेला. नफा न कमावलेल्या कंपनीवर लोकांनी एवढा विश्वास टाकला, कारण वेबवर व्यापार होणार आणि क्रेडिट कार्डाचे क्रमांक ब्राउझरमधून प्रवास करणार, असे चित्र दिसत होते. त्या क्रमांकांच्या रक्षणासाठी नेटस्केपने ‘एसएसएल’ ही कूटलेखन पद्धती आणली होती. कंपनीचे भवितव्य त्या कवचावर उभे होते.

८/ पहिला आघात त्याच महिन्यात झाला. फ्रान्समधील ‘इन्रिया’ या संशोधन संस्थेतील दामियाँ दोलिजे यांनी सुमारे १२० संगणक आणि काही समांतर महायंत्रे जुंपून एका एसएसएल संदेशाची किल्ली आठ दिवसांत शोधून काढली. ही किल्ली ४० बिटांची होती. याहून बळकट कूटलेखन देशाबाहेर पाठवण्यास अमेरिकेचे निर्यात कायदे आडवे येत. त्यामुळे हा दोष कंपनीचा नसून कायद्याचा आहे, असे नेटस्केपला म्हणता आले. पुढच्या महिन्यात मात्र ही पळवाट उरली नाही.

९/ बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर हे दोन विद्यार्थी शिकत होते. नेटस्केपची मूळ संहिता गुप्त होती. त्यांनी तयार प्रोग्रॅम उलगडून किल्ली कशी जन्माला येते ते तपासले. किल्ली यदृच्छ हवी, तिचा अंदाज कुणालाही येता कामा नये. युनिक्सवरील नेटस्केप मात्र तिचे बीज तीन गोष्टींतून घेत होता : घड्याळातील वेळ, चालू प्रक्रियेचा क्रमांक आणि तिच्या जनक प्रक्रियेचा क्रमांक. वेळ साऱ्या जगाला ठाऊक असते आणि ते क्रमांकही फार मोठे नसतात. त्याच यंत्रावर खाते असलेल्या हल्लेखोराला किल्ली अर्ध्या मिनिटाच्या आत मिळू शकत होती. किल्ली १२८ बिटांची असती, तरी तिला हाच दोष लागू पडत होता.

१०/ सप्टेंबर १९९५ मध्ये दोघांनी हा शोध ‘सायफरपंक्स’ या कूटलेखनप्रेमींच्या ई-मेल यादीवर सरळ जाहीर केला. दोन दिवसांत तो न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आला. पुढे जे घडले त्याने वादाची दिशा ठरवली. नेटस्केपने चूक मान्य केली, नवी आवृत्ती काढली आणि किल्लीचे बीज तयार करणारी संहिता बाहेरच्या तज्ज्ञांना तपासण्यासाठी खुली केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण कूटलेखनात चालत नाही, असा या प्रकरणाचा धडा होता.

११/ १० ऑक्टोबर १९९५ रोजी नेटस्केपने आणखी एक पाऊल टाकले. नेव्हिगेटर २.० च्या चाचणी आवृत्तीत सुरक्षेची गंभीर त्रुटी शोधणाऱ्यास रोख रक्कम आणि इतर त्रुटींसाठी कंपनीच्या भेटवस्तू, अशी ‘बग्ज बाउंटी’ तिने जाहीर केली. पिकॅडिलीच्या काचेतील पाटी जणू ब्राउझरवर येऊन बसली. अशा प्रकारची ही पहिली ठळक योजना मानली जाते. टीकाकाराला शत्रू न समजता कामाला लावण्याची कल्पना तेव्हा नवीनच होती.

१२/ त्रुटी शोधणे आता विद्यापीठांचा विषय झाला. १९९६ मध्ये प्रिन्स्टनचे ड्र्यू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलक यांनी जावाच्या सुरक्षा-कुंपणातील उणिवा क्रमाने उघड केल्या. १९९७ च्या आरंभी जर्मनीच्या ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ने दूरचित्रवाणीवर प्रात्यक्षिक केले. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स तंत्राने बनवलेला एक घटक ब्राउझरमधून शिरतो आणि क्विकन या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये परस्पर पैसे पाठवण्याचा आदेश लिहून ठेवतो, हे प्रेक्षकांनी पाहिले. तांत्रिक निबंधांना जे साधले नव्हते, ते त्या काही मिनिटांनी साधले.

१३/ याच काळात नाण्याची दुसरी बाजूही दिसली. जून १९९७ मध्ये डेन्मार्कमधील एका छोट्या कंपनीला नेव्हिगेटरमध्ये गंभीर त्रुटी सापडली. दुष्ट संकेतस्थळाला तिच्यायोगे वापरकर्त्याच्या संगणकावरील फायली वाचता येत होत्या. तपशिलासाठी तिने ठरलेल्या बक्षिसापेक्षा अधिक रक्कम मागितली. नेटस्केपने नकार दिला आणि प्रकरण वृत्तमाध्यमांकडे गेले. ही खंडणी होती की कष्टाचा रास्त मोबदला? या प्रश्नाला तेव्हा उत्तर मिळाले नाही. पुढल्या दशकात त्याची बाजारपेठ झाली.

१४/ १९९८ नंतरची काही वर्षे एकांड्या शिलेदारांची होती. बल्गेरियाचे गेओर्गी गुनिन्स्की आणि स्पेनचे हुआन कार्लोस क्वार्तांगो यांची नावे इंटरनेट एक्सप्लोररच्या त्रुटींशी वारंवार जोडली गेली. गुनिन्स्कींच्या सूचनांचा साचा ठरलेला असे : त्रुटीचे वर्णन, ती सिद्ध करणारे छोटे पान आणि शेवटी तात्पुरता बचाव. तो बहुधा ‘स्क्रिप्टिंग बंद ठेवा’ असाच असे. दुरुस्ती येईपर्यंत वापरकर्त्याच्या हाती काहीतरी असावे, हा त्यामागचा विचार. तेच पान हल्लेखोराच्याही हाती पडत होते, हे मायक्रोसॉफ्टचे दुखणे.

१५/ २००१ मध्ये ठिणगी पडली. जुलैत ‘कोड रेड’ने मायक्रोसॉफ्टचे वेब सर्व्हर ग्रासले. १८ सप्टेंबरला ‘निम्डा’ आला. तो ई-मेल, सामायिक फोल्डर आणि बाधित संकेतस्थळे अशा अनेक वाटांनी पसरला. त्यातली एक वाट इंटरनेट एक्सप्लोररमधील त्रुटीची होती. तिच्यामुळे पत्राला जोडलेला प्रोग्रॅम नुसते पत्र पाहताच सुरू होई. ही त्रुटी क्वार्तांगो यांनी शोधली होती आणि तिची दुरुस्ती २९ मार्चलाच निघाली होती. पावणेसहा महिने औषध दुकानात होते. रोग्यांनी ते घेतलेच नव्हते.

१६/ ऑक्टोबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागातील स्कॉट कल्प यांनी एक निबंध लिहिला. संपूर्ण प्रकटीकरणाला त्यांनी ‘माहितीची अराजकता’ ठरवले. त्यांचा रोख संशोधनावर नव्हता. त्रुटी शोधा, कळवा, पण तिचा गैरवापर करणारी संहिता पायरीपायरीने छापू नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वर्षातील अनेक वर्म अशाच प्रसिद्ध झालेल्या संहितेच्या आधारे बनले, याकडे त्यांनी बोट दाखवले. आग लागली की आधी काडेपेटी वाटणाऱ्याला जाब विचारावा, असा या युक्तिवादाचा सूर होता.

१७/ प्रत्युत्तर तितकेच धारदार होते. कूटलेखनतज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी इतिहासाची आठवण करून दिली. त्रुटी खाजगीत कळवल्या जात, तेव्हा कंपन्या त्यांकडे दुर्लक्ष करीत. त्या चव्हाट्यावर येऊ लागल्यावरच दुरुस्त्यांना वेग आला. शिवाय निम्डाने दोन्ही पक्षांची अडचण केली होती. त्रुटी रीतसर कळवली गेली, दुरुस्तीही आधी आली, तरी अनर्थ टळला नाही. साखळीची तिसरी कडी, म्हणजे दुरुस्ती वापरकर्त्यापर्यंत पोहोचणे, हीच तुटकी होती. दोन पक्षांच्या वादात तिच्याकडे फारसे कुणी पाहत नव्हते.

१८/ मधला मार्ग शोधण्याचे प्रयत्नही चालू होते. २००० मध्ये ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाच्या संशोधकाने एक आचारसंहिता मांडली. तीनुसार कंपनीने पाच कामकाजी दिवसांत प्रतिसाद द्यायचा. दिला नाही, तर संशोधक प्रसिद्धीस मोकळा. त्याच वर्षी सर्ट केंद्राने ४५ दिवसांची मुदत जाहीर केली. २००२ मध्ये ‘जबाबदार प्रकटीकरणा’चा मसुदा इंटरनेटच्या मानक संस्थेपुढे आला, पण संमत झाला नाही. ‘जबाबदार’ या शब्दातच मेख होती. जो कंपनीच्या सोयीने वागत नाही तो बेजबाबदार, असा त्याचा ध्वनी अनेकांना खटकला.

१९/ दरम्यान ब्राउझरचे युद्ध संपले होते. नेटस्केप हरला. इंटरनेट एक्सप्लोररचा वाटा ९० टक्क्यांच्या पुढे गेला. ऑगस्ट २००१ मध्ये सहावी आवृत्ती आली. सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडले. स्पर्धा नाही, म्हणून घाई नाही. जून २००४ मध्ये बाधित संकेतस्थळांवरून एक्सप्लोररच्या न बुजवलेल्या त्रुटींवर हल्ले झाले. तेव्हा अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने बचावाच्या उपायांत ‘दुसरा ब्राउझर वापरा’ हेही लिहिले. त्याच ऑगस्टमध्ये मोझिलाने गंभीर त्रुटीमागे ५०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स १.० आला.

२०/ ऑक्टोबर २००४ मध्ये पोलंडचे मिखाऊ झालेव्स्की यांनी एक छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो वेडीवाकडी, मोडकी पाने तयार करून ब्राउझरला खाऊ घाली. मोझिला, ऑपेरा, लिंक्स कोलमडले; एक्सप्लोरर मात्र तग धरून राहिला. मुक्त संहितेच्या चाहत्यांना हा टोला होता. पण गंमत पुढे आहे. तेच साधन वापरून थोड्याच दिवसांत एक्सप्लोररमधीलही एक घातक त्रुटी सापडली. ती सरळ जगजाहीर झाली आणि नोव्हेंबरच्या आरंभी एका वर्मने तिचा वापर केला. दुरुस्ती १ डिसेंबरला आली. साधन एकच, त्याने आधी गर्व उतरवला, मग घर फोडले.

२१/ जुलै २००६. ‘मेटास्प्लॉइट’चे जनक एच. डी. मूर यांनी ‘ब्राउझर त्रुटींचा महिना’ साजरा केला. ३१ दिवस, रोज एक नवी त्रुटी. बहुसंख्य इंटरनेट एक्सप्लोररच्या होत्या. मोझिला, सफारी, ऑपेरा, कॉन्करर यांच्या वाट्याला एखाददोन आल्या. स्वयंचलित साधनांनी किती सहज किती त्रुटी सापडतात, हे त्यांना दाखवायचे होते. त्यांनी मर्यादाही पाळली : ब्राउझर कोलमडतो एवढेच सिद्ध करायचे, यंत्राचा ताबा घेणारी संहिता द्यायची नाही.

२२/ ही मर्यादा किती ठिसूळ असते, ते अठराव्या दिवसाच्या नोंदीने दाखवले. विंडोजच्या एका ॲक्टिव्हएक्स घटकातील ही त्रुटी प्रथम निव्वळ ‘कोलमडणारी’ वाटली. सप्टेंबरअखेर तिच्यातून यंत्राचा ताबा घेता येतो हे उघड झाले आणि दुष्ट संकेतस्थळे तिचा वापर करू लागली. दुरुस्ती १० ऑक्टोबरला निघाली, म्हणजे प्रसिद्धीनंतर बारा आठवड्यांनी. दोष कुणाचा? वाट दाखवणाऱ्याचा, की बारा आठवडे दार उघडे ठेवणाऱ्याचा? दोन्ही पक्षांनी हीच नोंद आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरली.

२३/ तोवर तिसरा मार्ग रुळला होता : विक्री. २००७ मध्ये व्हँकूव्हरच्या ‘कॅनसेकवेस्ट’ परिषदेत ‘प्वन-टू-ओन’ स्पर्धा सुरू झाली. ब्राउझरमार्गे संगणक काबीज करा, तो तुमचा. पहिल्याच वर्षी दहा हजार डॉलरचे बक्षीसही दिले गेले. २००९ मध्ये चार्ली मिलर आणि सहकाऱ्यांनी ‘यापुढे फुकट त्रुटी नाहीत’ अशी घोषणा दिली. २०१२ मध्ये फ्रान्सच्या ‘व्ह्यूपेन’ कंपनीने याच स्पर्धेत क्रोम भेदला, पण त्याचे कुंपण कसे ओलांडले ते गूगलला सांगण्यास नकार दिला. ते ज्ञान सरकारी ग्राहकांसाठी होते. येथे प्रकटीकरण नव्हते, दुरुस्तीही नव्हती.

२४/ आता पुन्हा जानेवारी २०१०. १२ तारखेला गूगलने आपल्यावरील हल्ला जाहीर केला. ‘ऑपरेशन अरोरा’ या नावाने तो ओळखला जातो. सप्टेंबरमध्ये खाजगीत, अगदी ‘जबाबदारीने’ कळवलेली त्रुटी मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारीत दुरुस्त करायचे योजले होते. प्रकरण उघड झाल्यावर ती २१ जानेवारीलाच दुरुस्त झाली. जे काम साडेचार महिन्यांत झाले नव्हते, ते नऊ दिवसांत आटोपले. बैल गेला आणि झोपा केला, असा हा प्रकार. गुप्तता हेच संरक्षण, या मताला इतका कठोर धक्का पूर्वी क्वचितच बसला असेल.

२५/ पण उलट दाखलाही त्याच वर्षी मिळाला. जूनमध्ये गूगलमध्ये काम करणाऱ्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी विंडोजच्या मदत-केंद्रातील एक त्रुटी मायक्रोसॉफ्टला कळवली. वेबपानावरूनच तिचा वापर होऊ शकत होता. साठ दिवसांत दुरुस्तीचे आश्वासन मिळेना, म्हणून पाचव्याच दिवशी त्यांनी ती जगजाहीर केली. काही दिवसांतच प्रत्यक्ष हल्ले सुरू झाले. दुरुस्ती १३ जुलैला आली. जुलैतच गूगलने साठ दिवसांच्या मुदतीचा पुरस्कार केला. मायक्रोसॉफ्टने ‘जबाबदार’ हा शब्द सोडून ‘समन्वित प्रकटीकरण’ असे नवे नाव स्वीकारले. मोझिलाचे बक्षीस तीन हजार डॉलरवर गेले आणि क्रोमचे त्याहून थोडे वर.

२६/ १ जानेवारी २०११ रोजी झालेव्स्की पुन्हा पुढे आले. त्यांच्या नव्या साधनाने सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये मिळून शंभरेक त्रुटी शोधल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला त्यांनी जुलै २०१० मध्येच कळवले होते. प्रसिद्धी लांबवा, अशी विनंती त्यांनी नाकारली. त्यांच्या यंत्रावरील काही फायली चुकून शोधयंत्रात नोंदल्या गेल्या होत्या. एक्सप्लोररच्या आतील, त्याच त्रुटीशी निगडित अशी दोन विरळा नावे शोधत चीनमधील एका पत्त्यावरून कुणीतरी तेथवर आले होते. म्हणजे तीच त्रुटी आणखी कुणाला स्वतंत्रपणे सापडली असावी, असा तर्क त्यांनी बांधला. हॉब्जचे म्हणणे १५८ वर्षांनी सर्व्हरच्या नोंदवहीत उमटले.

२७/ जुलै २०१४ मध्ये गूगलने ‘प्रोजेक्ट झिरो’ स्थापन केला. नियम एकच : कळवल्यापासून नव्वद दिवस, मग दुरुस्ती येवो न येवो, तपशील प्रसिद्ध. जानेवारी २०१५ मध्ये विंडोजची एक त्रुटी तिच्या ठरलेल्या दुरुस्तीच्या अवघे दोन दिवस आधी जाहीर झाली. दोन दिवसांसाठी वापरकर्त्यांना वेठीस धरले, असा संताप मायक्रोसॉफ्टने व्यक्त केला. फेब्रुवारीत नियमाला चौदा दिवसांची सवलत जोडली गेली. संशोधकांनाही आपल्या घड्याळाचा हट्ट थोडा सैल करावा लागला.

२८/ २०१७ ने फासा उलटवला. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टचा मासिक दुरुस्तीसंच पुढे ढकलला गेला. नव्वद दिवस संपले आणि एज व एक्सप्लोररमधील त्रुटी दुरुस्तीविना उघडी पडली. दुरुस्ती १४ मार्चला आली. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने क्रोममधील त्रुटी शोधून परतफेड केली आणि एक मार्मिक मुद्दा मांडला. क्रोमची संहिता खुली आहे. दुरुस्ती आधी तेथे दिसते आणि वापरकर्त्यांपर्यंत नंतर पोहोचते. मधल्या काळात दुरुस्ती हीच त्रुटीची जाहिरात ठरते. मुदतीचा आग्रह धरणाऱ्याच्या अंगणातही उघडी खिडकी होती.

२९/ या भांडणातून आजची व्यवस्था आली. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने पडद्यामागे आपोआप दुरुस्ती बसवण्याची पद्धत रूढ केली. निम्डाच्या वेळी तुटलेली तिसरी कडी तिने बरीचशी सांधली. नव्या आवृत्तीच्या घोषणेत क्रोम त्रुटीचे नाव आणि शोधकाचे बक्षीस सांगतो, पण बहुतेकांनी दुरुस्ती घेईपर्यंत तपशील राखून ठेवतो. २०२१ मध्ये प्रोजेक्ट झिरोनेही वेळेत दुरुस्ती झाल्यास तपशिलासाठी आणखी तीस दिवस थांबण्याचे ठरवले. भारतात २००४ पासून काम करणारी ‘सर्ट-इन’ ही संस्था क्रोम, फायरफॉक्सच्या अशाच त्रुटींचे इशारे प्रसिद्ध करते. मराठी वृत्तपत्रांत झळकणारी ‘क्रोम तातडीने अपडेट करा’ ही बातमी बहुधा तेथूनच निघते.

३०/ २०२० पासून एज क्रोमचाच गाभा, क्रोमियम, वापरतो. कालचे प्रतिस्पर्धी आज एकाच भिंतीच्या आधाराने उभे आहेत. त्या भिंतीतील एक भेग दोघांचीही असते. त्यामुळे ती कुणाला, केव्हा आणि किती सांगायची, हा निर्णय पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक घरांना स्पर्श करतो.

३१/ हा इतिहास एका पक्षाच्या विजयाचा नाही. अरोराने मौनाची किंमत दाखवली, तर मदत-केंद्राच्या प्रकरणाने उतावळेपणाची. निम्डाने दाखवले की सारे नियम पाळूनही शेवटच्या माणसापर्यंत दुरुस्ती पोहोचली नाही, तर काही उपयोग नाही. तरीही एक गोष्ट वारंवार दिसते. नेटस्केपने बाहेरच्यांसाठी संहिता खुली केली, कंपन्यांनी बक्षिसे लावली, मुदती स्वीकारल्या. यातले प्रत्येक पाऊल कुणीतरी अप्रिय गोष्ट मोठ्याने बोलल्यानंतर पडले. पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ ही ओळ उमटते, तेव्हा तिच्यामागे अशाच कुणाचे तरी बोलणे आणि त्यावर झालेला वाद असतो. ती ओळ उद्यावर न ढकलणे, एवढा भाग मात्र वापरणाऱ्याच्या हातात उरतो.

#मराठी #इतिहास #संगणकाचा_इतिहास